नऊ शनिवारांचं पाणी

दोन हजार तीन सालच्या फेब्रुवारीत आमच्या घरी शमीचं झाड आलं, ते ट्रेलरवर आडवं निजून. कच्छपासून बडोद्यातल्या वासण्यापर्यंत दोन दिवस. मुळांचा गोळा गोणपाटात शिवलेला, फांद्या सुंभानं आवळलेल्या, आणि बुंध्यापाशी संपतराव बसलेले, एक हात सालीवर ठेवून, पेशंटबरोबर ॲम्ब्युलन्समधून येणाऱ्या नातेवाइकासारखे. समोरच्या पारुलबेन ओट्यावर आल्या आणि मला विचारलं, "केम शलाकाबेन, कोई मांदु छे?"

"आजारी कुणी नाही," मी म्हटलं, "सासरचं माणूस आहे. राहायला आलंय."

त्या खूप हसल्या. मी माणसांना हसवत असे. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

माझे वडील रेल्वेत तिकीट तपासनीस. सासर शिलेदारांचं. म्हणजे सासऱ्यांच्या आजोबांनी संस्थानच्या चाकरीत घोडा पाळला होता, आणि सासऱ्यांनी मकरपुऱ्यात व्हॉल्व्हचा कारखाना. त्यांचं नाव मानसिंगराव, पण आम्ही सगळे आबासाहेब म्हणायचो. नव्वदनंतर परदेशी ऑर्डरी यायला लागल्या आणि दहा वर्षांत आम्ही जुन्या शहरातल्या तीन खोल्यांतून वासण्याच्या बंगल्यात आलो. खोल्या वाढल्या, तसे आम्ही जास्त शिलेदार झालो. जुन्या घरात सासूबाईंना मी नुसतं आई म्हणत असे. बंगल्यात त्या आईसाहेब झाल्या.

बागेसाठी अहमदाबादहून अनुज नावाचा डिझायनर आला होता. मराठीच, पण मराठी बोलताना खडे निवडल्यासारखा बोलायचा. हिरवळ आता कुणी लावत नाही, म्हणाला. लागोपाठच्या दुष्काळांनंतर तर नाहीच. वाळवंटातली झाडं आणू. पुरुषभर उंच थोराचे निवडुंग, गुग्गुळ, पानं नसलेला केरडा, वाकड्या बुंध्याचं पिलू. कच्छमध्ये भूकंपानंतर नवे कारखाने उभे राहताहेत, तिथं ही झाडं नाही तरी तोडणारच आहेत. त्यांना पाणी लागत नाही, आणि शंभर वर्षांची झाडं पहिल्या दिवसापासून तुमच्या दारात उभी.

आबासाहेबांना हे शेवटचं आवडलं. "झाड वाढायची वाट बघायला मला सवड नाही," ते म्हणाले. "आणि शमी पाहिजे. फाटकाजवळ. दसऱ्याला बडोद्यातले सगळे मराठे पूजेला आपल्या दारी आले पाहिजेत."

एवढं मोठं झाड मुळासकट उचलणारा माणूस गावात एकच होता, आणि तो नुकताच बागखात्यातून निवृत्त झाला होता. संपतराव. त्यांचे आजोबा आणि आबासाहेबांचे आजोबा एकाच पागेत होते. तसा एक फोटोही आमच्या दिवाणखान्यात होता. त्यात संपतरावांचे आजोबा खुर्चीवर बसलेत आणि आमचे मागे उभे आहेत. फोटो मोठा करून घेताना खुर्ची नेमकी चौकटीबाहेर गेली. आता त्यात आमचे आजोबा आहेत आणि कोपऱ्यात कुणाचा तरी एक गुडघा. पहिल्या दिवशी संपतराव त्या फोटोसमोर जरा वेळ उभे राहिले. आबासाहेब त्यांना 'संपत' म्हणाले, 'अरे तू' म्हणाले, आणि ते तसंच राहिलं.

संपतराव ज्या चाळीत राहत होते ती पाडून तिथं कॉम्प्लेक्स होणार होतं. मूलबाळ नाही. ते आणि त्यांची बायको गंगाबाई. आमच्या मागच्या अंगणात भिंतीला लागून एक खोली होती, मोरी असलेली. आबासाहेबांनी बोली केली ती माझ्यासमोर, व्हरांड्यात, चहा पिताना.

"पुढच्या वर्षी दसऱ्याला शमी हिरवी उभी दिसली तर ती खोली तुमची. दोघं आहात तोवर. कुणी उठवणार नाही."

"आणि नाही दिसली तर?" गंगाबाईंनी विचारलं. त्या दाराबाहेर उभ्या होत्या.

"मग तुम्ही पण दिसू नका," आबासाहेब म्हणाले, आणि हसले. आम्ही सगळेच हसलो. संपतरावसुद्धा.

त्यानंतर ऑक्टोबर ते फेब्रुवारी संपतराव कच्छमध्ये त्या झाडाजवळ तंबू ठोकून राहिले. घाई केली की मरतं, म्हणायचे. आधी एका अंगाची मुळं तोडायची, चर माती घालून बुजवायचा, दोन महिने थांबायचं. तेवढ्यात तुटल्या जागी बारीक मुळं फुटतात. मग दुसरं अंग. बुंध्यावर उत्तरेच्या बाजूला चुन्याची रेघ ओढायची, आणि नव्या जागी ती रेघ उत्तरेलाच ठेवायची, कारण दक्षिणेच्या सालीला उन्हाची सवय असते. क्रेनवाल्यानं आमच्या फाटकाशी झाड उलटं धरलं तेव्हा हा साठीचा माणूस त्याला शिव्या देत क्रेनच्या पायरीवर चढला होता. झाड एका अंगाला वाकलेलं होतं, आणि अनुजला ते पोक रस्त्याकडून दिसायला हवं होतं. रेघ उत्तरेलाच राहिली.

खरी अडचण मातीची होती. बडोद्याची काळी माती पाणी धरून बसते. संपतरावांनी खोल खड्डा काढून त्यात खडी, वाळू, विटांचे तुकडे भरले, आणि तरीही ते मान हलवत होते. "वहिनीसाहेब," मला म्हणाले, "आत वाळू आहे, पण भोवती काळीच. हा खड्डा म्हणजे भोक नसलेली कुंडी. वरनं जेवढं ओताल तेवढं तळाशी साठणार. पंधरा दिवसांनी एक बादली, तीही मी माझ्या हातानं घालीन. दुसऱ्या कुणी थेंब घालायचा नाही."

मार्चमध्ये झाडानं सगळी पानं टाकली. मला बघवेना. एका दुपारी मी तांब्या घेऊन निघालेच होते, तर गंगाबाईंनी हात धरला आणि संपतरावांना हाक मारली. ते रागावले नाहीत. म्हणाले, "त्याला तहान लागू द्या. तहान लागली की ते मुळं खाली सोडतं. पाणी आयतं मिळालं की वरच बसून राहतं, आणि मग कुजतं."

"आमच्या यशराजसारखं," मी म्हटलं. यशराज म्हणजे माझा नवरा. संपतराव तोंडावर पंचा धरून हसले.

एप्रिलच्या शेवटी, सगळं बडोदं भाजत असताना, त्या काळ्या फांद्यांवर हिरवा धूर दिसला. दुसऱ्या दिवशी तो धूर पानं झाला. संपतरावांनी त्या दिवशी मागच्या खोलीला चुना लावला. गंगाबाईंनी दारात तुळस ठेवली. चाळीतलं उरलेलं सामान, एक पत्र्याची पेटी आणि शिवणाचं मशीन, त्या आठवड्यात आलं. तोवर त्यांनी ते बहिणीकडे ठेवलं होतं, म्हणजे त्यांचा आमच्यावर विश्वास नव्हता, आता बसला.

जूनमध्ये यशराजच्या हातातली एक मोठी जर्मन ऑर्डर लटकली. ज्योतिषी म्हणाले, साडेसाती. उपाय म्हणजे दर शनिवारी शमीच्या मुळाशी पाणी, आणि तेलाचा दिवा. "शमी तर आपल्या दारातच आहे," आईसाहेब म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की साडेसाती आली हेच बरं झालं असं वाटावं.

पहिल्या शनिवारी आमच्या घरचे चार तांबे. दुसऱ्या शनिवारी पारुलबेन आल्या, त्यांच्या दोघी नणंदा आल्या. वासण्यात साडेसाती सगळ्यांनाच होती. कुणी दूध आणलं, कुणी नारळाचं पाणी, कुणी उसाचा रस. संपतराव पंचा हातात धरून आईसाहेबांसमोर उभे राहिले.

"आईसाहेब, एवढं पाणी त्याला सोसायचं नाही. वरनं पाऊस पण सुरू होतोय. पानं पिवळी पडायला लागलीत."

"देवाला पाणी घालू नका म्हणतोस?"

"देवाला घाला. झाडाला नको."

"दोन्ही एकच आहे रे," आईसाहेब अगदी प्रेमानं म्हणाल्या. "तुला नाही कळायचं."

तो आठवडाभर संपतराव भिंतीजवळ काहीतरी खणत होते. पुढच्या शनिवारी बघितलं तर बुंध्यापासून चार हातांवर एक काळा दगड बसवलेला, भोवती सिमेंटची कड, मधोमध जाळी. "हे देवाचे पाय," त्यांनी जमलेल्या बायकांना सांगितलं. "पाणी पायावर घालायचं. मुळावर पाय देऊन उभं राहिलं तर दोष लागतो." बायका पटकन मागे सरल्या. आईसाहेबांनाही आवडलं. चिखल होत नव्हता, रांग सरळ लागत होती, आणि 'आमच्याकडे पाय आहेत' असं सांगता येत होतं. गंगाबाई दगडाला हळदकुंकू वाहून, चेहरा अजिबात न हलवता, बाजूला उभ्या राहायच्या.

मला कळलं ते एका शनिवारी दूधवाल्याकडे जाताना. कुंपणाच्या भिंतीबाहेर, सोसायटीच्या गटारात, एका पाइपातून पांढरट पाणी पडत होतं आणि त्यात झेंडूच्या पाकळ्या. मी वाकून पाहत होते तेवढ्यात भिंतीवरून संपतरावांचं डोकं वर आलं.

"वहिनीसाहेब."

"संपतराव, देवाचे पाय गटारात निघतात की हो."

"तुम्ही काही पाहिलं नाही," ते म्हणाले. हात जोडलेले नव्हते, पण आवाज जोडलेला होता. "दसऱ्यापर्यंत."

"मी काहीच पाहिलं नाही," मी म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

झाड पुन्हा हिरवं झालं. नऊ शनिवार असे गेले.

श्रावणातल्या एका रविवारी जेवायला पाहुणे होते. आबासाहेबांचे चुलतभाऊ तुकोजीराव, त्यांची बायको, आणि अनुज. कुठल्याशा मासिकात आमच्या बागेचे फोटो येणार होते म्हणून अनुज खुशीत होता. तुकोजीराव मला आल्यापासून टोचत होते. "काय सूनबाई, रेल्वे क्वार्टरमध्ये बाग होती का? की नुसते रूळ?" सगळे हसत होते. मी श्रीखंड वाढत होते. मला त्यांचं हसू माझ्या बाजूला ओढायचं होतं. बाकी काहीही नव्हतं मनात, हे मी आज शपथेवर सांगते. आणि म्हणूनच ते जास्त वाईट आहे.

"बाग नव्हती, काका," मी म्हटलं, "पण आमचा देव गटारात पाय सोडून बसत नव्हता."

"म्हणजे?"

आणि मी सांगितलं. सगळं, नकला करून. दगड, जाळी, बायकांचं पटकन मागे सरणं, पारुलबेनचा उसाचा रस, भिंतीवरून वर आलेलं संपतरावांचं डोकं, 'तुम्ही काही पाहिलं नाही.' तुकोजीरावांना ठसका लागला. आबासाहेबांनी मांडीवर थाप मारली. यशराजनं माझ्याकडे इतक्या कौतुकानं लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. आईसाहेबही हसत होत्या. हसता हसता त्यांनी चमचा ताटात ठेवला.

"म्हणजे नऊ शनिवार माझं पाणी गटारात गेलं?"

तुकोजीरावांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"म्हणून ऑर्डर सुटत नाही," आईसाहेब म्हणाल्या.

सोमवारी सकाळी संपतरावांना बोलावलं. आबासाहेब पायऱ्यांवर, आईसाहेब खुर्चीत. मी दाराच्या आड. ते माझ्याकडे बघतील म्हणून मी आड होते, पण त्यांनी बघितलं नाही. त्यांना वाटलं असावं, गटार साफ करणाऱ्यानं सांगितलं.

"साहेब, झाड जगावं म्हणून केलं," ते म्हणाले. "खोलीसाठी केलं म्हणा हवं तर. पण जगलंय की नाही, बघा ना."

"पाइप उपट," आबासाहेब म्हणाले. "तोंड आत वळव. मुळाकडे. देवाचं पाणी देवाला."

"मरेल, साहेब."

"वाळवंटात शंभर वर्षं जगलेलं झाड तांब्याभर पाण्यानं मरतं? कुणाला शिकवतोस?"

संपतरावांनी स्वतःच्या हातानं पाइप उपटला आणि स्वतःच्या हातानं उलटा पुरला. दुपारी बारापर्यंत ते काम झालं. मग आईसाहेबांनी बागेची नळी मागवली.

"नऊ शनिवारांचं राहिलंय," त्या म्हणाल्या. "ते आज पुरं करू."

नळी दगडावर ठेवून दिली. दिवस मावळेपर्यंत नळ चालू होता. मधे पाऊसही येऊन गेला. आईसाहेब व्हरांड्यात माळ घेऊन बसल्या होत्या आणि संपतराव झाडाशेजारी उकिडवे, पाणी मातीत शिरताना बघत. एकदा ते उठून नळाजवळ गेले. आबासाहेबांनी नुसतं "संपत" म्हटलं, तसे परत येऊन बसले. गंगाबाई मागून तरातरा आल्या.

"आईसाहेब, पाणी तुम्ही घालायचं आणि खोली आमची जायची, असं का हो?"

"जीभ आवर, गंगे."

"आवरते. नळ तेवढा बंद करा."

आईसाहेबांनी माळेचा मणी पुढे सरकवला.

दहा दिवसांनी संपतरावांनी लोखंडी सळई खड्ड्यात खुपसली, बाहेर काढून हुंगली आणि माझ्यापुढे धरली. मेलेल्या उंदरासारखा वास. पानं आता पिवळी न पडता हिरवीच गळत होती, म्हणजे झाडाला पिवळं व्हायलाही वेळ मिळाला नव्हता. थोरांचे बुडखे मऊ झाले आणि ते एकेक करून आडवे झाले. संपतराव रोज उठून शमीची साल नखानं खरवडायचे, हिरवं दिसतंय का बघायला. आधी वरच्या फांद्या खरवडल्या, मग खालच्या, मग बुंधा. सप्टेंबरच्या शेवटी सबंध बुंध्यावर त्यांच्या नखांचे पांढरे चट्टे होते आणि हिरवं कुठंच नव्हतं.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी अनुज आला, झाडाभोवती फिरला आणि हात झटकून म्हणाला, "ओव्हरवॉटरिंग. क्लीअर केस." ताटावर बसल्यावर आबासाहेबांनी विषय काढला.

"पाणी जास्त झालं म्हणतोस. पण बागेत पाणी घालतो कोण?" त्यांनी भाकरी मोडली. "कोण घालतं, सूनबाई?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आईसाहेबही, अगदी शांतपणे. मला एखादा विनोद सुचला असता तर बरं झालं असतं.

"बागेचं पाणी संपतरावांकडेच असतं," मी म्हटलं.

एक शब्द खोटा नव्हता. आबासाहेबांनी मान डोलावली आणि आमटी मागितली. मी वाढली.

संपतरावांनी फक्त एक मागणं केलं. "साहेब, एक उन्हाळा थांबा. ही जात खालनं फुटते. उत्तरेच्या अंगाची मुळं मी जरा वर ठेवलीत, तिथं पाणी पोचलं नसेल. तोडू नका, खोदू नका. वैशाखात बघा. तोवर आम्हाला राहू द्या."

"बोली दसऱ्याची होती," आबासाहेब म्हणाले.

पण दसरा तर होताच, आणि आमंत्रणं गेली होती. तीनशे माणसं. तेव्हा दसऱ्याच्या पहाटे यशराज शहरातल्या खंडेराव मार्केटातून शमीच्या पानांच्या डहाळ्यांची चार पोती घेऊन आला. शिडी लावली. आबासाहेबांनी शिडीकडे बोट दाखवलं, आणि संपतराव चढले. पांढऱ्या दोऱ्याचं रीळ त्यांच्या खिशात होतं. एकेक डहाळी घ्यायची, मेलेल्या फांदीला लावायची, दोरा तीन वेळा गुंडाळायचा, दातानं तोडायचा. मी खाली उभी राहून डहाळ्या वर देत होते. आईसाहेब फाटकाबाहेर जाऊन लांबून बघत होत्या.

"वरच्या अंगाला जास्त," त्या म्हणाल्या. "पोकाजवळ रिकामं दिसतंय. फोटोत येईल."

संपतरावांनी पोकाजवळ बांधलं.

"वहिनीसाहेब, ती लांबडी द्या," ते मला म्हणाले. "ही पडेल." काम नीट व्हावं म्हणून म्हणाले. त्या माणसाला काम वाईट करता येत नव्हतं. चार तासांत झाड असं हिरवं झालं की पारुलबेननं रस्त्यावरूनच हात जोडले, "अरे वाह, बहु सरस!"

पूजा झाली. फेटे, तलवारी, फोटो. पानं लुटली. वाकून ओरबाडताना एकाच्या हातात दोरा आला, तो त्यानं बोटाला गुंडाळून टाकला आणि पुढच्याला सोनं दिलं. संध्याकाळी सगळे गेल्यावर संपतराव आम्हाला सोनं द्यायला आले. आबासाहेबांच्या पायाशी पानं ठेवली, आईसाहेबांच्या ठेवली. माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "सोन्यासारख्या राहा, वहिनीसाहेब." गंगाबाई आल्या नाहीत. त्या रिक्षात पत्र्याची पेटी चढवत होत्या.

"आज निघतोस का? चांगलं," आबासाहेब म्हणाले. "सीमोल्लंघनाचा मुहूर्त आहे."

तुकोजीरावांना हे इतकं आवडलं की ते पुढं वर्षभर सगळ्यांना सांगत होते.

खोलीत जनरेटर आला. झाड गुडघ्याएवढं ठेवून कापलं, आणि त्याच्या समिधा करून वासण्यातल्या साडेसातीवाल्यांना वाटल्या. संपतराव दोन-तीन महिने अधूनमधून समोरच्या फुटपाथवर येऊन उभे राहायचे, त्या खुंटाकडे बघत. मी स्वयंपाकघरातून बघायचे. एकदा वॉचमननं त्यांना खांद्याला धरून वळवलं, तेव्हापासून आले नाहीत.

आता देव नव्हता, तेव्हा पाणीही थांबलं. हिवाळा गेला, उन्हाळा तापला, जमिनीला भेगा पडल्या. वैशाखात, खुंटापासून दोन हातांवर, चुन्याच्या रेघेच्या बाजूला, जमिनीतून एक तांबूस कोंब वर आला. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. मी कुणाला सांगितलं नाही. एकदाचं मला गप्प बसता आलं होतं. आठ दिवसांनी आईसाहेबांना तो फुलं तोडताना दिसला.

"बघा!" त्या ओरडल्या. "माझं पाणी वाया गेलं नाही!"

कोंबाभोवती संगमरवरी कट्टा झाला. शनिवार पुन्हा सुरू झाले.

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी स्वतः खंडेराव मार्केटला गेले. बाहेर फुलवाल्यांच्या ओळीत, एका गोणपाटावर शमीच्या डहाळ्यांचा ढीग, आणि मागे गंगाबाई. बारीक झालेल्या. मी पुढे जाऊ शकले असते. त्यांनीच हाक मारली.

"या, वहिनीसाहेब. सोनं घ्या."

मी खाली बसले. दहा पावलांवर, मार्केटच्या पायरीवर, संपतराव पाठमोरे बसून जुड्या बांधत होते. दोरा दातानं तोडत होते.

"फुटलं का?" गंगाबाईंनी हळूच विचारलं.

मी मान डोलावली. "फुटलं. वैशाखात. उत्तरेकडून."

त्यांचे हात थांबले. मग म्हणाल्या, "त्यांना सांगू नका."

"अहो, पण ते बरोबर होते. त्यांना बरं वाटेल."

"बरं वाटेल आणि उद्यापासनं परत तुमच्या फाटकासमोर उभे राहतील. साहेबांना सांगायला, की फुटलं, खोली द्या म्हणून." त्यांचा आवाज चढला नाही. "मी सहा महिने बोलून बोलून त्यांना पटवलंय, 'झाड गेलं, तुमचंच चुकलं.' आता कुठं रात्रीचे झोपतात."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

गंगाबाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे वर बघितलं. "तुमचं न सांगणं मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही.

तेवढ्यात संपतराव जुड्या घेऊन आले. मला बघून त्यांनी जुड्या खाली ठेवल्या आणि पंचा सारखा केला. "वहिनीसाहेब! बरं आहे ना सगळं? साहेब, आईसाहेब?"

"बरं आहे."

ते घुटमळले. गंगाबाई जुड्या लावत होत्या, त्यांची मान खाली होती.

"ते... खुंट," ते म्हणाले. "काही दिसलं का हो कुठं? उत्तरेच्या अंगाला?"

"नाही, संपतराव," मी म्हटलं. "काही नाही फुटलं."

त्यांनी मान डोलावली, दोनदा, सावकाश. "माझंच चुकलं," ते म्हणाले. "मुळं अजून एक वीत वर ठेवायला हवी होती." आणि पायरीवर परत जाऊन बसले.

गंगाबाईंनी दोन जुड्या माझ्या पिशवीत घातल्या. मग गोणपाटाखालून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"दोरा देऊ का?" त्यांनी विचारलं. "बांधायला?"